चर्चच्या छोट्या मंडळीचा घरचाच नाताळ कार्यक्रम: आधी माणसांची यादी, मग गाण्यांची

कोल्हापुरातल्या चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या ख्रिस्ती मंडळीत नाताळच्या कार्यक्रमाचं घोडं बहुतेक वेळा ऑक्टोबरातच अडतं. कुणीतरी साठ जणांच्या गायनवृंदाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतं, खाली "यंदा हेच करूया" लिहितं आणि पंधरा अंगठे उमटतात. तोवर कुणी विचारलेलं नसतं की आपल्याकडे गाणार कोण. वरच्या पट्टीत सहज जाणाऱ्या दोघी नर्स आहेत, त्यांची ड्युटी फिरती. पुरुषांत खणखणीत आवाज एकाचाच, आणि तो शिरोली एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. पेटी वाजवणारे काका आहेत, पण त्यांना नोटेशन वाचता येत नाही. ऐकून वाजवतात, झकास वाजवतात.

यात कमी काही नाही. फक्त कार्यक्रम या माणसांच्या मापाने शिवायचा, दुसऱ्याचा सदरा आणून त्यांना घालायचा नाही.

वही काढा

दिवाळी झाली की पहिल्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास थांबायला सांगा. शंभर पानी वहीत प्रत्येकाचं नाव लिहा. पुढे चार गोष्टी: आवाज कुठवर जातो, वाद्य येतं का, पाळी किंवा ड्युटी कशी आहे आणि २० डिसेंबरनंतर परगावी जाणार का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. माहेरी, आजोळी, पुण्या-मुंबईला जाणारी माणसं आठवडाभर आधीच हलतात, आणि जिच्यावर अख्खं गीत उभं असतं ती नेमकी त्यांच्यात असते.

आवाज तपासायला परीक्षा घेऊ नका, लोक लाजतात. सगळ्यांना पाठ असलेलं एक गीत तिघा-तिघांकडून म्हणवून घ्या, मग तेच एक स्वर वर चढवून. कुणाचा गळा कुठे ताणला जातो ते पेटीवाल्याला लगेच कळतं. ज्यांना गाणं जमत नाही त्यांना त्याच दिवशी काम देऊन टाका: वाचन, पडदा, पोशाख, चहा, मुलांना रांगेत उभं करणं. "नंतर बघू" म्हटलेला माणूस पुढच्या रविवारी येत नाही.

तारीख कोल्हापूर बघून ठरवा

२४ ची रात्र आणि २५ ची सकाळ उपासनेसाठी सोडा. त्याआधीचे आठ-दहा दिवस तरुण संघ घरोघरी कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, घेऊन फिरतो, घसे तिथेच बसतात. त्यामुळे त्याही आधीचा रविवार बरा. संध्याकाळी सहाला सुरू, साडेसातला संपलं पाहिजे. कागल-गडहिंग्लजकडची माणसं येणार असतील तर त्यांच्या शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून घ्या. थंडीही असते, साडेआठनंतर म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं बाहेर नकोत.

शेजारपाजारच्यांना बोलवायचं असेल, आणि बोलवावंच, तर गुरुवार टाळा. मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे घरोघरी महालक्ष्मीचं व्रत, संध्याकाळी बायका घरातून निघूच शकत नाहीत. दत्तजयंतीही याच दिवसांत येते. तिच्या आधीचा आठवडा पारायणं, भजनं आणि नृसिंहवाडीच्या फेऱ्यांत जातो. याचा तुमच्याशी संबंध असा की चांगला तबलजी बहुधा गल्लीतल्या भजनी मंडळात वाजवणारा असतो, आणि तो त्या आठवड्यात रोज रात्री कुठे ना कुठे बसलेला असतो. त्याला नोव्हेंबरातच गाठा. "शेवटच्या दोन तालमींना आलात तरी चालेल, पण या दोन तारखा पक्क्या" असं स्पष्ट बोलून घ्या. त्याच्या मानधनाचंही तेव्हाच बोला. देवल क्लबसारखी संगीतसंस्था १८८३ पासून ज्या गावात उभी आहे तिथे साथीदारांना तोटा नाही. तोटा असतो तो त्यांच्या मोकळ्या संध्याकाळींचा.

किती गाणी, कोणती

सव्वा तासाच्या कार्यक्रमाला आठ गीतं पुरतात. नऊ फार तर. बारा घेतली की कार्यक्रम दोन तासांवर जातो आणि शेवटची चार कुणीच ऐकत नाही.

सांगाडा वाचनांचा ठेवा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १९१८ पासून नऊ वाचनं आणि त्यांमध्ये गीतं अशी उपासना होते. आपल्याला पाच पुरेत. यशया ९, मीखा ५, लूक १ मधला गब्रीएलाचा निरोप, लूक २ मधला जन्म आणि मेंढपाळ, मत्तय २ मधले मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी. प्रत्येक वाचन दोन मिनिटांच्या आत आणि त्यामागून त्याच आशयाचं एक किंवा दोन गीतं. निवेदकाची गरजच उरत नाही. "यानंतर आपल्यासमोर सादर होत आहे" हे वाक्य अख्ख्या संध्याकाळीत एकदाही ऐकू आलं नाही तर समजा निम्मं काम फत्ते.

आठांपैकी तीन सगळ्या मंडळीनं मिळून म्हणायची, 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली, पाठ असलेली. दोन तरुण संघाची. एक शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या वर्गाच्या, मुलांचं. एक महिला मंडळाचं. एक एकट्याचं किंवा दोघांचं. इंग्रजी कॅरल एखादं चालेल, पण तीन-तीन नकोत. मागच्या बाकावरच्या आजी हात जोडून बसून राहतात, त्यांच्या ओठांना काम मिळत नाही. कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी विल्डर यांच्यापासून सुरू झालं. तेव्हापासूनच्या चार-पाच पिढ्यांनी गळ्यात ठेवलेल्या चाली काही घरांतच शिल्लक आहेत. अशा एखाद्या आजींकडे जाऊन मोबाइलवर चाल रेकॉर्ड करून आणा. एक जुनी चाल कार्यक्रमात असायलाच हवी, असं माझं मत. हट्ट म्हणा हवं तर.

परवानगीचा मुद्दा: तिकीट न लावता हौशी मंडळींनी, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, गीत सादर केलं तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ त्याला मोकळीक देतं. व्हिडिओ यूट्यूबवर चढवणं ही वेगळी गोष्ट. तिथे दुसऱ्याच्या चालीवर किंवा ट्रॅकवर हक्क सांगितला जाऊ शकतो.

ट्रॅकवरून आठवलं: कॅराओके ट्रॅक आणू नका. मूल ओळ विसरलं तर तबलजी आणखी एक आवर्तन घेतो, पेटी ध्रुवपदावर घुटमळते आणि कुणाला काही कळत नाही. ट्रॅक थांबत नाही.

एक गीत स्वतः रचा

नवीन गीत रचायचं तर आधुनिक भावगीताच्या मागे लागू नका. ओवी घ्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीतच लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. म्हणजे ख्रिस्तजन्माची गोष्ट ओवीत सांगायला आपल्याकडे चारशे वर्षं झाली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर भजन आणि कीर्तन थेट उपासनेत आणलं.

ओवीची रचना सोपी. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. उदाहरणादाखल:

उतारशाळा भरली, जागा नाही उरली,
मरीया मग वळली, गोठ्याकडे.

(उतारशाळा म्हणजे धर्मशाळा.) अशा सात-आठ ओव्या महिला मंडळाच्या बायका एका रविवारी चहा पिता पिता रचतात. नाझरेथहून निघणं, वाट, दिवस भरलेली बाई, बंद दारं: हे विषय पुरुषांपेक्षा त्यांना जास्त सांगता येतात. चाल शोधावी लागत नाही, जात्यावरची पन्नाशीपुढच्या प्रत्येकीला येते. पेटी नको, तबला नको. दोघी एक ओवी म्हणतील, बाकीच्या चौथा चरण परत घेतील. यमक जुळवण्यासाठी शुभवर्तमानात नसलेलं काही घुसडलं गेलं का, एवढं पाळकसाहेबांना एकदा दाखवून घ्या.

पट्टी: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

घरच्या कार्यक्रमात गाणं पडतं ते सुरांच्या अज्ञानामुळे क्वचित, चुकीच्या पट्टीमुळे हमखास. पेटीवाले काका आपल्या गळ्याला सोयीची काळी दोन (पेटीच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी) धरतात आणि अंतऱ्यात बायका किंचाळतात, नाहीतर गप्प होतात.

षड्ज, म्हणजे सा, बघून पट्टी ठरवू नका, गीताचा सर्वांत वरचा स्वर बघा. न शिकलेल्या मिश्र समूहाला वरची पांढरी दोन ही मर्यादा. चढलेल्या जोशात काळी दोन लागते, त्यापुढे नाही. समजा गीत तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, चढतं. ते पांढरी एकमधून घेतलं तर वरची पांढरी तीन लागणार, म्हणजे गेलं. षड्ज खालच्या काळी पाचवर आणा. तोच गंधार पांढरी दोनवर येऊन बसतो. मुलांचं उलटं आहे. त्यांचा आवाज खाली विझतो, म्हणून त्यांच्या गीतात पांढरी एकच्या खाली उतरणाऱ्या ओळी शक्यतो नकोत.

प्रत्येक गीताची पट्टी ठरली की वहीत लिहा आणि सगळी गीतं मिळून दोन पट्ट्यांत बसतात का ते बघा. कारण तबला. दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, एका पट्टीला मिळवलेला असतो, तो थोडाफारच चढतो-उतरतो. आठ गीतं पाच पट्ट्यांत असली तर तबलजी संध्याकाळभर हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसणार. एका पट्टीची गीतं आधी, दुसरीची नंतर, आणि पट्टी बदलते तिथे मोठं वाचन किंवा मुलांचं नाटुकलं. तेवढ्यात तो दुसरा तबला पुढे ओढतो.

दुसरी खोच पेटी आणि कीबोर्डची. चर्चमधली जुनी पेटी बऱ्याचदा कीबोर्डच्या ४४० हर्ट्झशी (पांढरी सहाचा ठरलेला सूर) जुळत नाही, थोडी चढलेली किंवा उतरलेली असते. दोन्ही एकत्र वाजली की कानाला काहीतरी टोचतं, पण काय ते सापडत नाही. दोन्हींवर एकच पांढरी सहा धरून ठेवा. आवाजात वाँव-वाँव असे हेलकावे ऐकू आले तर सूर वेगळे आहेत. पेटीचे सूर ऐन वेळी बदलता येत नाहीत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंग एकेक हर्ट्झने सरकवा. हेलकावे संथ होत होत थांबले की जुळलं. तो आकडा कागदावर लिहून कीबोर्डला चिकटवा, काही कीबोर्ड बंद करून चालू केले की परत ४४० वर जातात.

चार आवाजांची हार्मनी सोडून द्या. त्याऐवजी ध्रुवपद सगळ्यांनी, पहिला अंतरा बायकांनी, दुसरा पुरुषांनी, तिसरा एकाच आवाजात वाद्यांशिवाय आणि शेवटचं ध्रुवपद तबल्याच्या दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत. एवढ्यानं गीताला चढ-उतार मिळतो. ताल केरवा, दादरा आणि भजनी. चौथ्याची गरज पडत नाही.

तालमी

सहा रविवार, उपासनेनंतर पाऊण तास. मधल्या वारी सगळ्यांना बोलवण्याचा आग्रह सोडा. पाळ्या आणि क्लास यांतून कोणी येत नाही आणि जे येतात ते चिडतात. त्याऐवजी प्रत्येक गीत पेटीवर साध्या आवाजात म्हणून ऑडिओ ग्रुपवर टाका, शब्दांचा फोटो सोबत. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं बसमध्ये ऐकतात.

पहिल्या दोन रविवारी फक्त शब्द आणि चाल. तिसऱ्या-चौथ्यात श्वास कुठे घ्यायचा आणि ओळ कुठे तोडायची. पाचव्यात तबला आणि माइक. सहाव्यात गाणं कमीच, चालणं जास्त: कोण कुठून उठतं, कुठे उभं राहतं, कुठल्या बाजूनं उतरतं. लोक या तालमीला हसतात. पण सव्वा तासाचा कार्यक्रम दोन तासांचा होतो तो गाण्यांनी होत नाही, गाण्यांमधल्या ढकलाढकलीनं होतो. गायकांना पुढच्या दोन बाकांवर क्रमानं बसवा.

शब्द पाठच हवेत. मोबाइल बघून गाणाऱ्याची मान खाली असते आणि आवाजही खालीच जातो.

मुलांचं नाटुकलं

बारा मिनिटं. संवाद पाठ करवून माइकपाशी धावायला लावण्यापेक्षा दोन चांगल्या वाचकांनी लूक २ आणि मत्तय २ वाचावं, मुलांनी ते करून दाखवावं आणि प्रत्येकाला मोठ्यांदा म्हणायला एकच वाक्य द्यावं. उतारशाळेच्या मालकाला मात्र दोन द्या. तो भाग नेहमी सगळ्यांत खोडकर पोराला शोभतो.

मागी किती, हा वाद दरवर्षी होतो. मत्तयानं आकडा दिलेलाच नाही, भेटी तीन दिल्या आहेत. पाच मुलं असतील तर पाच मागी करा, कुणाला रडवू नका.

पोशाख भाड्यानं आणायची गरज नाही. मेंढपाळ म्हणजे खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डोक्याला मुंडासं आणि पायात खरी कोल्हापुरी चप्पल. आपल्या मुलांनी शेतात बसवलेली मेंढरं आणि त्यांच्याजवळ रात्र काढणारे धनगर पाहिलेले असतात. "रानात राहून रात्री कळप राखीत होते" हे त्यांना वेगळं समजवावं लागत नाही. मागींना जरीचा फेटा बांधा. तो बांधणारा माणूस तुमच्या ओळखीत असणारच, फक्त वेळेच्या तासभर आधी बोलवा. एका फेट्याला पाच मिनिटं आणि ऐन वेळी सुटलेल्या फेट्याला पंधरा.

गव्हाणीभोवती छपराला उसाचं पाचट छान दिसतं. डिसेंबरात गळीत हंगाम भरात असतो, ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन भारे फुकट मिळतात. पण वाळलेलं पाचट म्हणजे जळण आहे. त्याच्या चार हातांत मेणबत्ती नको, हॅलोजन नको, जोड दिलेली वायर नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी पाहिलं त्यांना हे दोनदा सांगावं लागणार नाही. वाळूच्या दोन बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा, आणि तो कसा उघडायचा हे किमान दोघांना येऊ द्या. शेवटी मेणबत्त्या लावणार असाल तर प्रत्येकीला पुठ्ठ्याची चकती घाला. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिरकी करून तिच्याकडे न्यायची. मेण हातावर सांडत नाही. दहा वर्षांखालच्यांना बॅटरीचे दिवे.

आवाज, वीज, परवानगी

दीडशे माणसांच्या चर्चला चार माइक भरपूर झाले: एक वाचनाला, एक एकट्या गायकाला, दोन समूहासमोर छातीच्या उंचीवर, तोंडापासून दोन-अडीच फुटांवर. तबल्याला माइक बहुधा लागत नाही. स्पीकर माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून. मागे गेला की शिट्टी मारतो. रिकाम्या चर्चमध्ये पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो म्हणून साऊंडवाल्याला बटणं फिरवत बसू देऊ नका. माणसं भरली की घुमणं बरंच कमी होतं.

कीबोर्ड आणि अॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर घ्या आणि आदल्या दिवशी अर्थिंग तपासा. वीज गेली तरी पेटी, तबला आणि ओव्या चालतात. अशा वेळी कुठलं गीत पुढे आणायचं ते ठरवून ठेवा.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. राज्य सरकार वर्षातले १५ पर्यंत दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्या यादीवर विसंबू नका, तुमचं साडेसातला आटपतं आहे. बाहेर मांडव किंवा स्पीकर असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज दहा-बारा दिवस आधी द्या आणि पोच घ्या.

त्या दिवशी

दुपारी चारला दारं उघडा. साडेचारला कीबोर्ड आणि तबला जुळवणं, पाचला मुलांचे पोशाख, साडेपाचला सगळ्यांनी एक गीत फक्त गुणगुणायचं. पूर्ण तालीम घेऊन गळे संपवू नका. कोमट पाणी ठेवा, थंड सरबत आणि तेलकट वडे नंतर.

सत्कार नकोत. शाल, पुष्पगुच्छ, "दोन शब्द बोलावेत अशी विनंती" यांनी कितीतरी चांगल्या संध्याकाळी गिळल्या आहेत. चर्चच्या पंचांच्या बैठकीत हे आधीच मंजूर करून घ्या, नाहीतर ऐन वेळी नगरसेवक दारात येतील आणि पाळकसाहेबांची पंचाईत होईल. आलेल्या पाहुण्यांना पुढच्या बाकावर बसवा, नाव घेऊन स्वागत करा, गीतपुस्तिका हातात द्या. पाळकांचा संदेश सात मिनिटं, शेवटच्या वाचनानंतर. मग मंडळीचं गीत, प्रार्थना, आशीर्वाद.

चहासोबत करंज्या, शंकरपाळी, चकली आणि केक घराघरांतून मागवा, पण कोण काय आणणार ते वहीत लिहून. नाहीतर सगळा केकच येतो. शेजारच्यांना ताट देताना केकमध्ये अंडं आहे का ते आधीच सांगा. मार्गशीर्षात बरीच घरं पाळतात.

तबलजीचं मानधन त्याच रात्री पाकिटात द्या. घोंगडी झटकून, नावाच्या चिठ्ठ्या बघून ज्याची त्याला परत करा, पाचट दुसऱ्याच दिवशी चर्चबाहेर काढा. वहीत मात्र आणखी एक पान लिहून ठेवा: कुठलं गीत कुठल्या पट्टीत घेतलं, किती मिनिटं लागली, कीबोर्डचा आकडा किती होता. आणि आजींकडून आणलेल्या चालीचं रेकॉर्डिंग फोनमध्ये न ठेवता दोन ठिकाणी उतरवून घ्या.